कळ

मी अंडी फोडतो.
कागदावर हुद्दा प्रयोगशाळा-परिचर असा आहे,
पण एकतीस वर्षं वेमे नदीच्या काठी
मी अंडीच फोडत आलोय:
साबणाने घासलेली, स्पिरिटने पुसलेली,
आठवड्याच्या आतली, टवका न गेलेली.
मादाम हुएफा म्हणायच्या, सांभाळून, दोसू,
पाहुणा नखरेल आहे,
त्याला पानात खडा चालत नाही.

पिवळं-पांढरं एकजीव, त्यात हिरवा रंग,
नळ्या तिरक्या ठेवून वाफेवर थिजवायच्या,
मग वर जखमेतला एक थेंब.
आणि मग वाट पाहायची.
आठ आठवडे. कधी बारा.
पॅरिसहून आलेला एक तरुण
तिसऱ्या आठवड्यातच कंटाळून परत गेला.

वीज गेली की मादाम रात्रभर जाग्या.
गरम पाण्याच्या बाटल्या, भुशाची पेटी, थर्मामीटर.
मी एकदा म्हटलं, बगलेत धरू का नळ्या?
म्हणाल्या, बगल सदतीस, याला बत्तीस लागतात.
माणूस आतून याला सोसत नाही,
म्हणून कातडीखालीच चरतो हा.
कोंबडीसारख्या बसून होत्या पेटीपाशी,
फोडलेल्या अंड्यांवर
भलतंच काही उबवत.

ही जखम दुखत नाही.
आधी नखाएवढी गाठ, मग सूज,
मग कातडी फुटते आणि कडेखालून पोखरली जाते,
वेमे काठ पोखरते तशी,
वर गवत हिरवंगार, खाली पोकळ.
नसाच बधिर करून टाकतो.
कळ नाही, म्हणून कळत नाही.
लोक येतात तेव्हा कोपर उघडं पडलेलं असतं
आणि पोर हसत असतं.

गोळ्या यायच्या आधी
सर्जन निरोगी मांस लागेपर्यंत कापत जायचे.
एकशे चौदा नंबरच्या मुलीबद्दल
मादाम कधी बोलल्या नाहीत.
फक्त तिची नळी त्यांनी
कधी मला धुवायला दिली नाही.

हा शिरतो कुठून?
दलदलीचं पाणी तपासलं, शेवाळ, गाळ,
डास, पाणकिडे, माशांचे खवले.
कोतोनूच्या परिषदेत कुणीतरी खोचक विचारलं,
मग काय सापडलं मादाम?
म्हणाल्या, कुठून येत नाही
याच्या तीन वह्या भरल्यात माझ्या.
कुणी हसलं नाही. मीच हसलो, मागच्या रांगेत.

अंडी द्यायची अफियावी, दर गुरुवारी साठ.
तुमची बाई एवढी अंडी खाते
आणि लव्हाळ्यासारखी कशी, हा तिचा रोजचा प्रश्न.
आम्ही सांगितलं नव्हतं.
मग सलग दोन गुरुवार ती आलीच नाही.
मादाम होडीतून तिच्या घरी.
नातू बेनू आंबा चोखत बसलेला, दंडावर गाठ.
दाबा ना, दाबा, काही होत नाही मला!
मादामनी दाबलं.
पोर हसलं,
आणि मी पाहिलं, कळ उठली ती त्यांच्या तोंडावर.

आठ आठवडे गोळ्या.
लाल लघवी त्याने गावभर दाखवली.
इकडे त्याचा थेंब
त्याच्याच आजीच्या अंड्यावर.
जखम भरून आली त्याच आठवड्यात
नळीत मोहरीएवढा पिवळसर ठिपका.
आता काय उपयोग, मी म्हटलं.
त्यांनी वहीत नंबर टाकला, तारीख टाकली,
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली त्यांना.
परवा पोर्तो-नोवोहून फोन:
दोसू, पातेल्याने हात भाजला रे.
फार दुखतंय.
आवाज अगदी प्रसन्न.

आज गुरुवार. बेनूच आणतो अंडी आता,
दंडावर चुरगळलेल्या कागदासारखा वण.
साठातल्या एकाला टवका गेलाय.
ते बाजूला ठेवलं,
दुपारी तळून खाईन.